लॅपटॉप मध्येच बंद पडतोय? खर्च करण्याआधी एवढं तपासा

लॅपटॉप काम करता करता बंद पडू लागला की सल्ले लगेच मिळतात. एक म्हणतो फॉरमॅट मार, दुसरा म्हणतो बॅटरी बदल, तिसरा सांगतो की मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेला, आता नवाच घे. तिन्ही गोष्टी कधी ना कधी खऱ्या ठरतात. पण तुमच्या लॅपटॉपच्या बाबतीत यातली कुठली खरी आहे, हे ठरवल्याशिवाय खर्च केला तर नवी बॅटरी घातलेला लॅपटॉपसुद्धा तसाच बंद पडत राहतो आणि बॅटरीचे पैसे जातात ते जातातच. कारण शोधायला फार ज्ञान लागत नाही, थोडा धीर लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते लिहून ठेवायचं, एवढी एक शिस्त पाळली तर संगणकाची फारशी माहिती नसलेला माणूसही बहुतेक वेळा योग्य जागेपर्यंत पोचतो.

इथे मुख्यतः विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. वीज आणि उष्णतेचा भाग कुठल्याही लॅपटॉपला लागू पडतो.

सगळ्यात आधी: फायली बाहेर काढा

तपासणीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा ऑनलाइन साठवणीत घ्या. फोटो, प्रबंध, हिशोब, दाखल्यांच्या स्कॅन प्रती, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. फाइल लिहिली जात असताना वीज तुटली तर ती फाइल खराब होऊ शकते, आणि असं वारंवार झालं तर डिस्कवरची मांडणीच बिघडते. लॅपटॉप पंधरा मिनिटंच टिकत असेल तर एकदम सगळं उचलू नका. एकेक फोल्डर घ्या.

याच वेळी आणखी एक काम उरका. डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा क्रमांक, बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला गेला तर हा ४८ आकडी क्रमांक मागितला जातो, आणि तो नसेल तर लॅपटॉप दुरुस्त होऊनही आतल्या फायली हाती लागत नाहीत.

तो नक्की कसा बंद पडतो?

दुकानदार हा प्रश्न क्वचितच विचारतात, पण अर्धं उत्तर यातच असतं. बंद पडण्याचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार: पडदा काळा होतो, पण पॉवरचा दिवा मंद लुकलुकत राहतो आणि बटण दाबताच उघड्या खिडक्या जशाच्या तशा परत येतात. हा लॅपटॉप बंद पडलेला नाही, झोपला आहे. सेटिंग्जमध्ये पॉवर विभागात स्लीपची वेळ पाहा. झाकण मिटलं की झोपायचं, हे लॅपटॉपला बहुधा चुंबकामुळे कळतं. म्हणून घड्याळाचा चुंबकी पट्टा, मोबाईलचं चुंबकी कव्हर किंवा इअरफोनची डबी कीबोर्डच्या कडेला आली तरी तो झोपी जातो. अशा लॅपटॉपवर लोक उगाच खर्च करून बसतात.

दुसरा: ‘शटिंग डाउन’ किंवा ‘रीस्टार्टिंग’ असं दिसतं आणि मग तो रीतसर बंद होतो. इथे विंडोजने स्वतः निर्णय घेतलेला असतो. अपडेट, एखादा प्रोग्रॅम किंवा संपत आलेली बॅटरी, यापैकी काहीतरी.

तिसरा: क्षणभर निळा किंवा काळा पडदा येतो, त्यावर काही अक्षरं चमकतात आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होतो. संशय ड्रायव्हर (विंडोजला यंत्राचे भाग चालवायला मदत करणारा प्रोग्रॅम), रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) किंवा डिस्कवर.

चौथा: काहीही सूचना न देता, दिव्याचं बटण दाबावं तसा झटक्यात सगळा अंधार. हा वीज तुटण्याचा किंवा अति तापण्याचा प्रकार, आणि सर्वात जास्त त्रास हाच देतो. पुढचा बराचसा लेख त्याच्याबद्दल आहे.

एका कागदावर चार गोष्टी टिपायला सुरुवात करा: बंद पडला ती वेळ, चार्जर लावलेला होता का, काय चाललं होतं, आणि तळाला हात लावल्यावर किती गरम होता. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो. ‘कधीही बंद पडतो’ असं वाटणारा लॅपटॉप प्रत्यक्षात व्हिडिओ कॉल सुरू झाल्यावर दहा-बारा मिनिटांनीच बंद पडतो, असं नोंदी सांगतात.

विंडोजची स्वतःची रोजनिशी

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ दाबलं की इव्हेंट आयडी भरायची जागा येते. तिथे स्वल्पविराम देऊन हे क्रमांक इंग्रजी अंकांत टाका: 

४१, ८६, १०५, १००१, १०७४, ६००८.

लाल खुणेची ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद पाहून घाबरू नका. नवखे लोक तिलाच रोग समजतात आणि तिचा इलाज शोधत बसतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता एकदम गेला. तुम्ही स्वतः पॉवर बटण दाबून धरून बंद केलात तरी ती पडते. ६००८ चा अर्थही जवळपास तोच. ४१ उघडून डिटेल्समध्ये ‘बगचेक कोड’ पाहा. तो शून्य असेल तर निळा पडदा नोंदला गेलेला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र गोठलं. शून्य नसेल तर तिसरा प्रकार, आणि मग १००१ च्या नोंदीत पुढचा धागा मिळतो.

१०७४ दिसली तर ती पूर्ण वाचा. कोणत्या प्रोग्रॅमने, कशासाठी बंद करायला सांगितलं हे तिथे लिहिलेलं असतं. ८६ म्हणजे तापमान धोक्याच्या पातळीवर गेल्यामुळे बंद केलं. ती सापडली तर थेट उष्णतेच्या भागाकडे जा. मात्र ती नाही म्हणून उष्णतेला निर्दोष ठरवू नका, कारण प्रोसेसर अति तापला तर यंत्र विंडोजला काही लिहायला वेळ न देताच वीज तोडतं.

१०५ मला सर्वात उपयोगी वाटते. चार्जर जोडला किंवा निघाला की ती पडते. तुम्ही चार्जरला हातही लावलेला नसताना तासाभरात अशा नोंदींची रांग दिसली, तर पिन, वायर किंवा भिंतीतला सॉकेट सैल आहे.

विंडोजला बाजूला काढून पाहा

आता दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे की यंत्रात, याचा कौल घ्यायचा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, सुरू करा आणि लगेच एफ २ किंवा डिलीट ही की टपटप दाबत राहा. काही कंपन्यांत एफ १, एफ १० किंवा एस्केप असते. साध्या अक्षरांचा बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, पडदा येईल. तिथे काहीही बदलू नका. चार्जर लावून पाऊण तास तसाच राहू द्या.

इथे विंडोज चालतच नाही. तरीही लॅपटॉप झटक्यात बंद पडला तर फॉरमॅट मारून काही उपयोग नाही, हे ठरलं. पाऊण तास टिकला तर लगेच यंत्राला निर्दोष म्हणू नका, कारण बायोसमध्ये त्याच्यावर कामाचा ताण नसतो. पण फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याला उत्तर द्यायला ही चाचणी फार कामाची आहे, आणि तिला खर्च काहीच नाही.

वीज: सॉकेट, चार्जर, बॅटरी

भिंतीपासून सुरुवात करा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून चार्जर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, शक्यतो दुसऱ्या खोलीतल्या. पिन सैल बसत असेल किंवा चर्र असा आवाज येत असेल तर दोष लॅपटॉपमध्ये नसून सॉकेटमध्ये आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग चार्जरच्या ठोकळ्यावरचा मजकूर वाचा. आउटपुटपुढे १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं काही असतं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, इथे सुमारे ६५. बदली चार्जर घेताना व्होल्ट मूळ चार्जरइतकेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. कमी ताकदीच्या चार्जरवर हलकं काम निभतं आणि जड काम सुरू झालं की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरू लागते. टाइप-सी लॅपटॉपला मोबाईलचा ६५ वॅटचा चार्जर लावणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. तो वेग अनेकदा त्या कंपनीच्या फोनपुरताच असतो आणि लॅपटॉपला त्यातला थोडासाच वाटा मिळतो.

चार्जर लावलेला असताना पिन अगदी हलक्या हाताने डावी-उजवीकडे करून पाहा. चार्जिंगचं चिन्ह जा-ये करत असेल तर आतला जॅक सैल झाला आहे. हा जॅक बऱ्याच लॅपटॉपमध्ये छोट्या वायरीसकट वेगळा मिळतो आणि बदलायला फार खर्च येत नाही. काही मॉडेलांत तो बोर्डवरच डाग देऊन बसवलेला असतो. तिथे कारागिराचा हात लागतो.

आता बॅटरी. जुन्या लिथियम-आयन बॅटरीची साठवण घटते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून फसवा बदल म्हणजे तिचा आतला रोध वाढतो. सोसायटीच्या टाकीत पाणी दिसत असतं, पण खालच्या सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्याची धार तुटते, तसं काहीसं होतं. पडद्यावर ३५ टक्के दिसत असतात, प्रोसेसर अचानक जास्त वीज मागतो, बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि लॅपटॉप झटक्यात जातो. पुन्हा सुरू केला की कधी ३० टक्के दाखवतो, कधी ४. म्हणून ‘बॅटरी तर शिल्लक होती’ हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा धरू नका.

तिची तब्येत विंडोज स्वतः सांगतं. स्टार्टमध्ये शोधून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. इंग्रजी लिपीत पॉवरसीएफजी टाइप करा, स्पेलिंग पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी असं सलग. मग एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरी व रिपोर्ट हे दोन शब्द एकत्र लिहा. एंटर दाबलं की अहवाल कुठे साठवला ते दिसेल; ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे शोधा. पहिला ४२,००० आणि दुसरा १९,००० असेल तर बॅटरी निम्म्याहून खाली आली आहे, आणि ती अचानक मान टाकत असेल तर नवल नाही. मॅकबुकवर ऑप्शन की धरून ॲपल मेन्यूतून सिस्टम इन्फर्मेशन उघडा; पॉवर विभागात सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली) आणि कंडिशन दिसते.

मग दोन सरळ चाचण्या. एक दिवस फक्त बॅटरीवर काम करा, एक दिवस चार्जर लावून. फक्त बॅटरीवर बंद पडतो, किंवा चार्जर काढताक्षणी जातो, तर बॅटरी किंवा तिची आतली जोडणी. फक्त चार्जर लावल्यावर बंद पडतो, तर चार्जर, जॅक किंवा बोर्डवरचं चार्जिंगचं सर्किट. इथे त्याच मॉडेलचा दुसऱ्याचा चार्जर तासभर लावून पाहिलात तर बरंच कळतं. दोन्हीकडे सारखाच बंद पडतो, तर उष्णता, रॅम किंवा बोर्ड.

वीज सारखी जाणाऱ्या गावात तर ही परीक्षा आपोआप होते. दिवे गेले किंवा इन्व्हर्टर चालू होताना क्षणभर लुकलुकले, तर धड बॅटरीच्या लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागत नाही. तुमचा त्याच क्षणी बंद पडत असेल तर बॅटरी फक्त नावाला उरली आहे.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. टचपॅड वर उचललेला दिसला, कीबोर्ड मध्ये फुगला, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डगमगू लागला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. टचपॅड दाबून जागेवर बसवू नका. बॅटरी टोचली किंवा वाकली तर पेट घेऊ शकते. लॅपटॉप गादीवर किंवा कागदांच्या ढिगाऱ्यावर न ठेवता मोकळ्या फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर कारागिराकडे न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका; भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलनात द्या.

उष्णता

तळाच्या जाळीतून हवा आत जाते, कडेच्या किंवा मागच्या फटीतून बाहेर पडते. लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या शालीवर ठेवला की ही वाट बंद होते. पहिली चाचणी म्हणून चार दिवस तो फक्त कडक टेबलावर वापरा, मागची बाजू वहीच्या जाडीइतकी उचलून. बंद पडणं थांबलं किंवा लांबलं तर कारण सापडलं.

नक्की आकडा हवा असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम घ्या. सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा. खालच्या पट्टीत नोंदी फाइलमध्ये साठवायचं बटण असतं, ते नक्की दाबा. लॅपटॉप बंद पडला तरी फाइल उरते आणि शेवटच्या ओळींत जाण्यापूर्वीचं तापमान सापडतं. निवांत असताना ४० ते ६० अंश आणि जड कामात ७० ते ९० ही साधारण चाल. १०० च्या आसपास बहुतेक प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही तापमान आवरलं नाही तर वीज तोडतात.

आकडे असे वाचा. काम सुरू करताच मिनिटभरात ९५ वर उडी, पंखा घोंघावतोय पण फटीतून हवा जेमतेम: पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांच्या मध्ये धुळीचा थर बसला आहे. तापमान चढतंय आणि पंखा गप्प: पंखाच गेला. हवा भरपूर, तरी तापमान जास्त: प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर पोचवणारा लेप, सुकली असावी. आणि ६० अंशांवर असतानाच बंद पडत असेल, तर प्रोसेसरच्या उष्णतेच्या मागे लागू नका, वीजपुरवठ्याकडे परत जा.

आपल्या हवामानाचाही यात वाटा आहे. अनेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवतात, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. तिथे दुपारी बंद पडणारा आणि पहाटे सुरळीत चालणारा लॅपटॉप आपलं दुखणं स्वतःच सांगत असतो. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी वापरलेल्या लॅपटॉपची धूळ फोडणीच्या वाफांनी तेलकट होते आणि साध्या फुंकरीने निघत नाही. कोकणात पावसाळ्यात दमटपणामुळे जोडण्यांवर गंज चढतो. लॅपटॉप आठवडेच्या आठवडे बंद कपाटात ठेवू नका.

साफसफाई स्वतः करायची असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर. दाबलेल्या हवेचा डबा उभा धरून फटीत थोड्या थोड्या वेळाने फवारे मारा, पण आधी लाकडी टूथपिकने पंख्याचं पातं अडवा. हवेने तो भलत्या वेगाने फिरला तर खराब होतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आतल्या भागांना लावू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. तळ उघडून धूळ काढणं आणि पेस्ट बदलणं हे काम पहिल्यांदाच लॅपटॉप हाताळणाऱ्याने कारागिराकडून करून घ्यावं. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडूच नका.

रॅम, ड्रायव्हर आणि एक धोक्याची सूचना

निळा पडदा येत असेल तर तो वाचता यायला हवा. सिस्टमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा, मग पडदा थांबून राहील आणि मोबाईलने फोटो काढता येईल. रॅमसाठी स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा आणि चालवा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर कारागिराला एकेक लावून तपासायला सांगा. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्प्लेचा ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करून पाहा.

बायोस अपडेट करा असा सल्ला सर्रास मिळतो. लॅपटॉप अचानक बंद पडत असताना हे मुळीच करू नका. अपडेट चालू असताना वीज तुटली तर लॅपटॉप सुरूच होणार नाही, आणि किरकोळ दुरुस्तीचं मोठं काम होऊन बसेल. आधी बंद पडणं थांबू द्या.

दुकानात जाताना

इथपर्यंत येऊन कारण सापडलं नसेल, किंवा सापडलं पण हातातलं नसेल, तर कारागिराकडे जा. तुमचा नोंदींचा कागद, बॅटरीचा अहवाल आणि तापमानाची फाइल सोबत न्या. ‘बंद पडतो’ एवढं सांगण्यापेक्षा ‘चार्जरवर नीट चालतो, बॅटरीवर कॉल सुरू केला की जातो’ असं सांगितलं की कारागीर थेट कामाला लागतो, आणि तुमच्यावर भलता सुटा भाग खपवणंही अवघड होतं.

‘मदरबोर्ड गेला’ हे ऐकल्यावर लगेच मान डोलवू नका. नक्की कुठला भाग गेला ते विचारा. पुष्कळदा बोर्डवरचा कपॅसिटर किंवा मॉसफेट असा एखादा बारीकसा भाग शॉर्ट झालेला असतो आणि बाकी बोर्ड ठणठणीत असतो. अशी दुरुस्ती करणाऱ्याला ‘चिप लेव्हल’वाला म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात असे लोक भेटतात. जिल्ह्याच्या गावीही एखादा असतोच. संपूर्ण बोर्ड बदलायला हो म्हणण्यापूर्वी त्याचं मत घ्या.

काम देताना पावतीवर लॅपटॉपचा सीरियल नंबर, रॅम आणि डिस्क किती, हे लिहून घ्या. बदललेला भाग परत मागा, फुगलेली बॅटरी मात्र त्यांच्याकडेच राहू द्या. आणि पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच अर्धा तास लॅपटॉप चालवा: ज्या कामात तो बंद पडत होता नेमकं तेच काम, आधी चार्जर लावून आणि मग चार्जर काढून.